तीन आणि सहा, घोणस आणि डुरक्या

वाचकांचे प्रश्न

या महिन्याच्या पत्रांत एकच विषय निरनिराळ्या वाटांनी आला आहे: दोन आकार आपल्याला सारखे का वाटतात, आणि एकाला सारखे वाटलेले दुसऱ्याला वेगळे कसे दिसतात. आर्वीकडच्या एका गावात मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चित्रकला शिकवली. निवृत्त झाले तरी सुटीत मुलं कागद घेऊन ओसरीवर येतातच. त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली, कारण त्यात एका लेकराच्या अंगावरचे वळ आहेत.

मॅडम, माझी मुलगी पहिलीत आहे. ३ लिही म्हटलं की ६ लिहिते आणि ६ सांगितला की ३. घ आणि ध, भ आणि म यांचाही गोंधळ होतो. शाळेत म्हणतात, तिचं लक्ष नाही. त्यावरून तिला छडीनं मारलंही. तिचे बाबा म्हणतात, डोळे तपासून घेऊ. मी काय करू?
*— एक आई, तालुका कारंजा (घाडगे), जि. वर्धा*

ताई, आधी शाळेत जा आणि मार थांबवा. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नं शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई केली आहे. हे तुम्ही ठामपणे सांगू शकता. डोळे तपासून घ्यायला हरकत नाही, पण तुम्ही लिहिलंय त्यात मला डोळ्यांचा दोष दिसत नाही. तुमची मुलगी नीट पाहते आहे. निसर्गानं जसं पाहायला शिकवलं, अगदी तसंच.

एका कागदावर ३ आणि ६ शेजारी शेजारी काढा आणि मध्ये आरसा उभा धरा. आरशातला ३ जवळजवळ ६ च दिसेल. एकाची दोन्ही पोटं डावीकडे उघडी, दुसऱ्याची उजवीकडे. वळणं तीच, त्यांचा क्रम तोच, शेपूटही तशीच. फरक फक्त दिशेचा आहे, आणि दिशेला महत्त्व द्यायचं हे पाच-सहा वर्षांच्या मुलाला अजून कोणी शिकवलेलं नसतं. उलट जन्मल्यापासून ते दिशा सोडून द्यायला शिकलेलं असतं. गोठ्यातला बैल डावीकडे तोंड करून उभा असो की उजवीकडे, तो तोच बैल. गडव्याची कड कुठूनही पाहा, तो तोच गडवा. डावी-उजवी बाजू बदलली म्हणून वस्तू बदलत नाही, हा जगाचा नियम लेकराच्या मेंदूनं अचूक हेरलेला असतो. हा नियम मोडणारी गोष्ट म्हणजे लिपी. आणि लिपी माणसाकडे जेमतेम पाच हजार वर्षांपासून आहे. वाचनासाठी वेगळा मेंदू घडायला हा काळ फार थोडा. स्तानिस्लास देहान या फ्रेंच संशोधकानं हे फार चांगलं मांडलं आहे: वस्तू आणि चेहरे ओळखणाऱ्या मेंदूच्या भागाशेजारीच अक्षरांना जागा करून द्यावी लागते, आणि ती करताना आरशातलं रूप ‘तेच’ मानायची जुनी सवय अक्षरांपुरती मोडावी लागते. तुमची मुलगी सध्या ती सवय मोडते आहे. कष्टाचं काम आहे हे. त्यावर छडी?

वर-खाली उलटलेल्या आकारांचा गोंधळ मुलांचा त्या मानानं कमी होतो. कारण पाय वर आणि डोकं खाली असलेला बैल आपण सहसा पाहत नाही. वर आणि खाली यांना जगात अर्थ आहे, डाव्या-उजव्याला फारसा नाही. अर्न्स्ट माख या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञानं १८८० च्या दशकात दाखवलेली एक गंमत इथं आठवते. चौरस कोपऱ्यावर उभा केला की आपण त्याला चौरस म्हणतच नाही, पतंग म्हणतो. बाजू त्याच, कोन तेच, तरी आकार नवा वाटतो. म्हणजे डोळा मापं जुळवून सारखेपणा ठरवत नाही. वर कोणती बाजू आहे, हे धरून ठरवतो.

आणि हा प्रश्न फक्त वयाचा नाही. कधीच शाळेत न गेलेल्या मोठ्या माणसांनाही आरशातल्या जोड्या वेगळ्या काढणं जड जातं, हे अभ्यासांत दिसलं आहे. मला त्याहून विलक्षण वाटली ती तमिळ वाचकांची गोष्ट. इंग्रजीत b आणि d अशी डावी-उजवी फिरवलेली अक्षरजोडी आहे, तमिळ लिपीत तशी नाही. एरिक पेडरसन या संशोधकानं तमिळनाडूत तपासलं (त्याचा लेख २००३ चा), तेव्हा फक्त तमिळ वाचता येणारी माणसं आरशातल्या आकृत्यांच्या बाबतीत निरक्षर माणसांसारखीच वागली. इंग्रजीसारखी दुसरी लिपीही येणाऱ्यांना मात्र फरक चटकन दिसला. म्हणजे जी लिपी जे विचारते, ते डोळा शिकतो. आपले आकडे ३ आणि ६ मधला फरक विचारतात, म्हणून आपण तो शिकतो. पण सवड घेऊन.

घ-ध आणि भ-म यांचं दुखणं निराळं. इथं आरसा नाही. ध आणि भ यांच्या डोक्यावरची रेघ डावीकडे तुटलेली असते, तिथं छोटी गाठ असते. घ आणि म यांच्या डोक्यावरची रेघ सलग. बाकी अंग जवळपास एक. मोठा आकार आधी नजरेत भरतो, बारीक खूण मागून येते. लेकरू मोठा आकार पाहून उत्तर देतं आणि आपण त्या बारीक खुणेवर गुण कापतो. म्हणून अक्षर दाखवताना खुणेवर बोट ठेवा: ‘इथं रेघ तुटली, इथं गाठ आहे.’ नुसतं ‘नीट पाहा’ म्हटल्यानं काही होत नाही. कुठं पाहायचं ते सांगावं लागतं.

घरी एवढं करा. ३ आणि ६ एकाच दिवशी शिकवू नका. एक पक्का झाला की मग दुसरा. पाटीवर मोठा ३ काढून द्या आणि ओल्या बोटानं गिरवायला सांगा, ताटात पसरलेल्या रेतीवरही चालेल. हात डावीकडून सुरू झाला की ३, उजवीकडून सुरू झाला की ६. डोळ्याला दिशेचं सोयरसुतक नसतं, हाताला असतं. म्हणून हाताकडून शिकवलेलं टिकतं. उलटं लिहिलं तर पुसू नका, शेजारी सुलटं काढून ‘यातला कोणता?’ विचारा. बहुतेक मुलांचा हा गोंधळ सात-आठ वर्षांपर्यंत ओसरतो. त्यानंतरही तो राहिला आणि वाचनही अडखळत असेल, तर वाचनाच्या अडचणी तपासणाऱ्या तज्ज्ञाकडे न्या. पहिलीत घाबरून जाण्याचं कारण नाही.

मॅडम, आमच्या वावरात कपाशीच्या तासात साप निंगाला. माह्या भावानं घोणस म्हून काठीनं मारला. शेजारचे काकाजी पाहून म्हने का, हा त डुरक्या होय, याले इख नसते. आता दोघंही सारखेच दिसतेत त मानसानं वयखाव कसं?
*— एक शेतकरी, तालुका बाभुळगाव, जि. यवतमाळ*

भाऊ, तुमच्या भावाला दोष देऊ नका, पण काकाजींचं म्हणणं नीट ऐकून घ्या. दोघंही जाड अंगाचे, आखूड, मातकट रंगाचे आणि पाठीवर गडद ठिपके असलेले. लांबून, तासात, घाबरलेल्या डोळ्यांनी पाहिलं तर एवढंच दिसतं, आणि एवढ्यावर दोघं सारखेच. काकाजींनी जवळून दुसरंच काहीतरी पाहिलं. घोणसीच्या पाठीवर लांबट गोल ठिपक्यांच्या तीन रांगा असतात. ठिपक्यांच्या कडा रेखीव, आणि मधली रांग साखळीसारखी मानेपासून शेपटीकडे जाते. डोकं त्रिकोणी आणि मानेपासून वेगळं. डिवचली तर कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फुत्कार टाकते. डुरक्या घोणसाचे ठिपके वेडेवाकडे, एकमेकांत मिसळलेले. त्यांत रांग लागत नाही. मान वेगळी कळत नाही आणि शेपूट आखूड, बोथट असते.

आमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञानं १९७७ साली सारखेपणावर एक लेख लिहिला होता. त्यातलं मुख्य म्हणणं तुमच्या वावरात जसंच्या तसं लागू पडतं. दोन गोष्टी किती सारख्या वाटतील ते त्यांच्या समान खुणा आणि निरनिराळ्या खुणा मिळून ठरतं, आणि कोणत्या खुणांना किती वजन द्यायचं हे पाहणाऱ्याच्या कामावर अवलंबून असतं. तुमच्या भावाच्या मनात ‘हा चावेल का?’ एवढा एकच प्रश्न होता, म्हणून जाडी आणि ठिपके यांना सगळं वजन गेलं. काकाजींच्या मनात ‘हा कोण?’ असा प्रश्न होता, म्हणून त्यांची नजर रांगेवर आणि शेपटीवर गेली. साप एकच होता.

त्याच लेखात ट्वर्स्कीनं दाखवलं की सारखेपणा दोन्ही बाजूंनी सारखा नसतो. मुलगा बापासारखा दिसतो असं आपण म्हणतो, बाप मुलासारखा दिसतो असं सहसा म्हणत नाही. त्याच्या प्रयोगात लोकांना उत्तर कोरिया चीनसारखा जास्त वाटला, चीन उत्तर कोरियासारखा कमी. जे ठळक, जे मनात पक्कं बसलेलं, ते मोजमाप होतं आणि दुसरं त्याच्याशी ताडून पाहिलं जातं. आपल्या गावांत घोणस हे मोजमाप आहे. डुरक्या घोणसीसारखा दिसतो असं सगळे म्हणतात, त्याचं नावसुद्धा तिच्यावरून पडलं. घोणस डुरक्यासारखी दिसते असं मी अजून कोणाच्या तोंडून ऐकलं नाही. भीती जिची, माप तिचं. म्हणूनच बिचारा डुरक्या काठीखाली येतो.

मण्यार आणि कवड्या यांची जोडी याहून जास्त घातकी, कारण तिथं चूक उलटी होते. कवड्या समजून लोक मण्यार हातात धरतात. मण्यारीचे पांढरे पट्टे बारीक, बहुतेक जोडीनं, शेपटीकडे ठळक आणि मानेकडे पुसट होत गेलेले. कवड्याचे पट्टे मानेपाशी रुंद आणि ठळक, शेपटीकडे पुसट. हे लक्षात ठेवा, पण ताडून पाहायला जवळ जाऊ नका. शंका आली की विषारीच समजा, चार पावलं मागं व्हा आणि जाऊ द्या. मारू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं सापांना संरक्षण आहे, आणि वावरातले उंदीर तेच खातात. चावला तर साप कोणता यावर वाद घालत बसू नका, साप मारून सोबत नेण्यात वेळ घालवू नका. चावलेला भाग हलू न देता माणसाला थेट ग्रामीण रुग्णालयात न्या. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर एकच लस चालते. भोंदूकडे नेलेला वेळ परत मिळत नाही.

मॅडम, मी आठवीत आहे. एलिमेंटरीच्या परीक्षेसाठी वस्तुचित्राचा सराव करतो. गडव्याची उंची-रुंदी पट्टीनं मोजतो, ती बरोबर येते, तरी तो आमच्या घरच्या गडव्यासारखा दिसत नाही. माझ्या लहान भावाच्या तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलाचं एकही माप खरं नाही, तरी तो बैलच दिसतो. असं का?
*— एक विद्यार्थी, तालुका कळंब, जि. यवतमाळ*

शाब्बास! लाकडी बैल पाहून हा प्रश्न पडणारा मुलगा चित्रकार होईल की नाही ते मी सांगू शकत नाही, पण पाहणारा नक्की आहे.

आकाराची ओळख कडेवर सगळीकडे सारखी पसरलेली नसते. ती वळणांवर गोळा झालेली असते. फ्रेड ॲटनीव्ह या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९५४ साली झोपलेल्या मांजराचं रेखाचित्र घेतलं. जिथं जिथं रेघ जास्तीत जास्त वळते असे ३८ बिंदू निवडले आणि ते सरळ रेघांनी जोडले. सगळी गोलाई गेली, तरी मांजर ते मांजरच. सरळ किंवा एकसारख्या वळणाच्या रेघेवर पुढं काय येणार ते डोळा आधीच ओळखतो, तिथं नवं काही कळत नाही. रेघ अचानक दिशा बदलते तिथं नवं कळतं.

त्यातही आत वळणाऱ्या जागा विशेष महत्त्वाच्या. डोनाल्ड हॉफमन आणि व्हिटमन रिचर्ड्स यांनी १९८४ मध्ये मांडलं की आकाराचे भाग आपण आत वळलेल्या खाचांपाशी तोडतो. आपलं डोकं आणि धड मानेपाशी वेगळं दिसतं ते याच कारणानं. नंतरच्या प्रयोगांत असंही आढळलं की एखाद्या आकृतीला बाहेर नवा फुगवटा दिला तर तो लोकांना उशिरा कळतो, आत नवी खाच पाडली तर लवकर कळते. आता तुझा गडवा घे. तू उंची मोजलीस, पोटाची रुंदी मोजलीस. पण गडवा ओळखू येतो गळ्यापाशी, जिथं पोट संपून रेघ आत जाते आणि मग काठाकडे बाहेर येते. पोट थोडं फुगलं तर कोणी बोलणार नाही. गळा थोडा खाली सरकला की तो दुसऱ्याच घरचा गडवा झाला. पट्टी आधी गळ्याला लाव: काठापासून गळा किती खाली, आणि गळ्याची रुंदी पोटाच्या रुंदीत किती वेळा बसते. बाकीची मापं त्यानंतर.

लाकडी बैलाचे पाय म्हणजे सरळ दांडकी आणि खाली चाकं, पण सुतारानं वशिंड, शिंगं आणि गळ्याखालची पोळी या तीन जागा सोडलेल्या नसतात. वशिंडापुढची खाच बुजवून बघ, तो लगेच बैल राहत नाही. जात ओळखायलाही हेच कामी येतं. आपला गवळाऊ आणि खिल्लारी दोघंही पांढरे, दोघांचाही चेहरा लांबट. पण गवळाऊची शिंगं आखूड आणि बोथट, खिल्लारीची लांब आणि मागं गेलेली. बाजारात कासऱ्यानं धरलेल्या बैलाची लांबून नुसती आकृती दिसली तरी जुनी माणसं जात सांगतात ती शिंगांच्या मुळाशी पाहून.

एक सराव रोज कर. चित्र पूर्ण झालं की कागद उलटा धर आणि वस्तूपासून दूर जाऊन दोन्हींकडे पाहा. उलटं केलं की डोळा ‘हा गडवा’ म्हणून मोकळा होत नाही, त्याला रेघा पाहाव्याच लागतात.

बचत गटाच्या कामात मी आजीला आकारांची चित्रं दाखवली आणि सारखी-सारखी एकत्र ठेव म्हटलं. तिनं गोल आणि चौकोन जवळ ठेवले. म्हणाली, ‘हे भाकर, हा पाट. पाटावर बसूनच खातेत ना.’ आजीला आकार कळत नाहीत का?
*— एक सहयोगिनी, जि. यवतमाळ*

ताई, कळतात, आणि चांगले कळतात. अलेक्झांडर लुरिया या रशियन मानसशास्त्रज्ञानं १९३१-३२ मध्ये उझबेकिस्तानातल्या खेड्यांत हाच प्रयोग केला. शाळेत न गेलेल्या बायांनी वर्तुळाला ताटली, चाळणी, चंद्र म्हटलं. चौकोनाला आरसा, दार, जर्दाळू वाळवायची फळी म्हटलं. भरीव रेघेचं वर्तुळ आणि ठिपक्यांचं वर्तुळ सारखं का, असं विचारलं तर नाही म्हणाल्या: एक नाणं, एक चंद्र, सारखे कसे? शाळेत शिकलेल्यांनी मात्र दोन्हींना वर्तुळ म्हटलं. लुरियाच्या काही निष्कर्षांत मला शाळेत न गेलेल्यांविषयी कमीपणाची छटा जाणवते आणि ती मला मान्य नाही. शाळा ‘कशाचं आहे’ हे विसरून ‘कसं आहे’ एवढंच पाहायला शिकवते. आजीला ते कोणी शिकवलं नाही. तिला तूर, मूग आणि हरभरा एकत्र करून निवडायला द्या आणि तिच्या शेजारी बसा. दाण्याच्या आकारातला जो फरक ती बोटांनी काढेल, तो तुम्हाला मला दिसणार नाही.

मोबाईलच्या एका ॲपवर देशी कपाशीच्या पानाचा फोटो टाकला, तर ते भेंडी म्हणालं. एवढं शिकवलेलं यंत्र पान कसं चुकतं?
*— एक शेतकरी, तालुका अकोट, जि. अकोला*

भाऊ, भेंडी आणि कपाशी एकाच कुळातल्या, आणि देशी कपाशीच्या पानाच्या खाचा खोल, बोटं अरुंद. अमेरिकन कपाशीचं पान रुंद आणि उथळ खाचांचं असतं. त्यामुळे तुमचं पान भेंडीच्या जवळ जातं, ही चूक अगदी निराधार नाही.

पण यंत्राचं पाहणं आपल्यापेक्षा वेगळं आहे, हेही खरं. जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या रॉबर्ट गायर्होस आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखवलं ते असं: मांजराच्या आकाराला हत्तीच्या कातडीचा पोत दिला, तर माणसं मांजर म्हणतात, फोटोंवर शिकवलेली यंत्रणा मात्र हत्ती म्हणते. माणूस आकाराला धरून चालतो, यंत्रणा पोताला. आपलं हे आकाराचं वेड लहानपणीच लागतं. १९८८ मध्ये बार्बरा लँडाऊ, लिंडा स्मिथ आणि सुसान जोन्स यांनी दोन-तीन वर्षांच्या मुलांना एका अनोळखी लाकडी वस्तूचं नवं नाव सांगितलं. मुलांनी तेच नाव त्याच आकाराच्या दुसऱ्या वस्तूंना दिलं, मग त्या लहान असोत, मोठ्या असोत की स्पंजच्या असोत.

म्हणून फोटो काढताना पान झाडावर ठेवू नका. तोडून पांढऱ्या कागदावर सपाट पसरा, सावली पडू देऊ नका आणि खाचा पूर्ण दिसतील असा वरून सरळ फोटो काढा. मागची माती आणि शेजारची पानं गेली की यंत्रापुढं आकारच जास्त उरतो. सोबत बोंडाचाही एक फोटो टाका. आणि औषध फवारायचं असेल तर त्या उत्तरावर विसंबू नका, पान घेऊन कृषी विज्ञान केंद्रात जा.